उथळ पाण्यातली लढाई : वाफेवर चालणाऱ्या लाकडी गनबोटींची गोष्ट

आज आपण जमीन सोडून पाण्यात उतरणार आहोत.

मी पायदळातला माणूस. नौदलाच्या विषयात मी का शिरतोय, असं काहींना वाटेल. कारण साधं आहे. ज्या बोटींबद्दल मी बोलणार आहे, त्या खोल समुद्रावर आरमाराशी आरमार भिडवायला बांधलेल्याच नव्हत्या. किनाऱ्यावरच्या किल्ल्यावर तोफा डागायच्या, शत्रूची रसद तोडायची, नदीतून सैन्य पुढे न्यायचं, ही त्यांची कामं. म्हणजे हा जमिनीवरच्या लढाईचाच भाग आहे, फक्त पाण्याच्या बाजूने लढलेला.

एकोणिसाव्या शतकातली वाफेवरची लढाऊ जहाजं म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पोलादी चिलखत घातलेली अवाढव्य जहाजं येतात. पण ती यायच्या आधी, आणि आल्यावरही काही वर्षं, लाकडी अंगाच्या, पोटात छोटं इंजिन आणि डोक्यावर एक-दोन जड तोफा असलेल्या लहान बोटींनी बरीच युद्धं लढली. त्यांना गनबोट म्हणायचे. त्या कशा चालायच्या, का बांधल्या गेल्या, कुठे यशस्वी झाल्या आणि कुठे माणसांसकट बुडाल्या, ते आज पाहू.

मोठ्या जहाजाची अडचण

शिडाच्या काळातलं पहिल्या प्रतीचं लढाऊ जहाज म्हणजे तरंगता किल्लाच. शंभराच्या आसपास तोफा, आठशे-हजार माणसं. पण अशा जहाजाला तरंगायला साधारण पंचवीस फूट पाणी लागतं. बंदराच्या तोंडाशी, खाडीत, नदीच्या मुखाशी एवढं पाणी क्वचितच असतं. शिवाय वारा पडला की जहाज जागच्या जागी. वारा समोरून आला तर नागमोडी वळणं घेत पुढे सरकायचं, आणि त्यासाठी रुंद जागा हवी. अरुंद नदीत ती कुठून मिळणार?

कोकणच्या किनाऱ्याला ही अडचण जुनीच ठाऊक होती. मराठा आरमारातली गुराबं आणि गलबतं आठवा. तळ उथळ, त्यामुळे खाडीत आत शिरता यायचं. गलबतांना वल्ही असायची. वारा पडला की ती गुराबाला दोर बांधून ओढायची आणि शत्रूच्या मोठ्या जहाजाच्या मागच्या बाजूला नेऊन उभं करायची, जिथे त्याच्या फारशा तोफा पोचत नाहीत. उथळ तळ आणि वाऱ्यावाचून हालचाल, या दोन गोष्टींवर आंग्र्यांच्या आरमाराने मोठमोठ्या जहाजांना त्रास दिला.

गनबोटीची कल्पना मुळात हीच आहे. वल्ह्यांच्या जागी वाफेचं इंजिन आलं, एवढाच फरक. पण तो फरक किती मोठा होता, ते पहिल्यांदा दिसलं ब्रह्मदेशात.

इरावतीवरची डायना

१८२३ साली कलकत्त्याजवळ खिदिरपूरच्या गोदीत डायना नावाची एक लाकडी बोट बांधली गेली. इंजिन इंग्लंडहून आलेलं, दोन्ही बाजूंना पाणी कापणारी मोठी चाकं. ती युद्धासाठी बांधलेली नव्हती. पण १८२४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचं ब्रह्मदेशाशी युद्ध सुरू झालं आणि मोहिमेवर असलेल्या कॅप्टन फ्रेडरिक मॅरियट या नौदल अधिकाऱ्याने ही बोट सोबत घ्यावी असा आग्रह धरला. हाच मॅरियट पुढे समुद्रावरच्या कादंबऱ्यांसाठी प्रसिद्ध झाला.

११ मे १८२४ रोजी रंगून कंपनीच्या हाती आलं. पण रंगून घेणं सोपं आणि तिथून पुढे जाणं अवघड. राजधानी आवा शेकडो मैल वर, इरावतीच्या काठी. पाऊस, दलदल, हिवताप, हगवण. या मोहिमेत कंपनीचे जेवढे सैनिक लढाईत पडले, त्यापेक्षा कितीतरी जास्त रोगाने गेले, आणि त्यात मद्रासकडून समुद्रमार्गे आणलेले आपले शिपाई मोठ्या संख्येने होते. मी हे मुद्दाम सांगतो, कारण जहाजांच्या इतिहासात ही माणसं सहसा दिसत नाहीत.

ब्रह्मी सैन्याकडे लांबलचक युद्धनौका होत्या. डझनावारी वल्हेकरी एका तालात वल्ही मारायचे आणि बोट बाणासारखी सुटायची. शिडाच्या जहाजाला त्या कधीच सापडल्या नसत्या. डायनाला सापडल्या. थोड्या अंतरापर्यंत वल्हेकरी कदाचित पुढे राहतील, पण माणूस थकतो आणि इंजिन थकत नाही. डायना पाठलाग करत राहायची, आणि वल्ही मंदावली की गाठायची. उरलेल्या वेळात तिचं काम ओढण्याचं. शिडाची जहाजं आणि सैन्याने भरलेल्या होड्या प्रवाहाविरुद्ध ओढून वर न्यायच्या.

२४ फेब्रुवारी १८२६ रोजी यांडाबो इथे तह झाला. हे एकट्या डायनामुळे झालं असं मी म्हणणार नाही, तोफखाना आणि पायदळाने ती लढाई जिंकली. पण नदी हा शत्रूचा अडथळा न राहता आपला रस्ता होऊ शकतो, हे इंजिन बसवलेल्या एका छोट्या लाकडी बोटीने दाखवून दिलं.

चाकं की पंखा?

डायनासारख्या चाकाच्या बोटीत लढाईच्या दृष्टीने मोठे दोष होते. चाकं बाजूला, उघड्यावर. एक गोळा लागला की चाक मोडलं आणि बोट गोल फिरू लागली. चाकांनी बोटीच्या दोन्ही कडांची मधली जागा अडवलेली, म्हणजे तोफा ठेवायच्या कुठे? आणि चाक फिरवणारी यंत्रणा पाण्याच्या पातळीच्या वर, म्हणजे शत्रूच्या नेमाच्या टप्प्यात.

उपाय होता पाण्याखाली, बोटीच्या मागच्या टोकाला बसवलेला पंखा, म्हणजे स्क्रू. एप्रिल १८४५ मध्ये ब्रिटिश नौदलाने एक गमतीशीर चाचणी केली. रॅटलर ही पंख्याची आणि अलेक्टो ही चाकाची, अशा दोन लहान लाकडी युद्धनौका घेतल्या. दोन्हींची ताकद साधारण सारखी. त्यांची मागची टोकं दोराने एकमेकींना बांधली आणि दोघींना विरुद्ध दिशांना पूर्ण जोरात सोडलं. म्हणजे आपल्याकडची रस्सीखेच. अलेक्टोची चाकं पुढे जायला पाणी घुसळत राहिली आणि रॅटलरने तिला उलटी ओढत नेली.

पंख्याच्या बाजूने निर्णय या रस्सीखेचीआधीच झुकलेला होता. ती जास्त करून लोकांना दाखवण्यासाठी होती. पण चित्र एवढं स्पष्ट होतं की पुढे कुणाला फार समजावून सांगावं लागलं नाही. हीच रॅटलर १८५२ च्या दुसऱ्या ब्रह्मी युद्धात रंगूनसमोर उतरली होती.

पंखा आल्यामुळे इंजिन आडवं पाडून पाण्याच्या पातळीखाली बसवता आलं. वरचा डेक मोकळा झाला. आता लहानशा बोटीवरही एक खरोखर मोठी तोफ बसवता येणार होती.

क्रिमियाचं युद्ध आणि १५६ बोटी

१८५४ मध्ये ब्रिटन आणि फ्रान्सचं रशियाशी युद्ध जुंपलं. ॲडमिरल चार्ल्स नेपियर याला मोठं आरमार देऊन बाल्टिक समुद्रात पाठवलं. लंडनमध्ये अपेक्षा अशी की तो सेंट पीटर्सबर्गचं दार ठोठावेल. पण सेंट पीटर्सबर्गच्या वाटेवर क्रोनश्टाटचा किल्ला, आणि त्याच्या आजूबाजूचं पाणी उथळ. मोठी जहाजं जवळ जाऊच शकत नव्हती. पुढच्या वर्षी तर रशियनांनी त्या पाण्यात सुरुंगही पेरले. त्यातले काही बनवणारा इमॅन्युएल नोबेल हा नोबेल पारितोषिकवाल्या आल्फ्रेड नोबेलचा बाप. आरमार परतलं आणि नेपियरवर टीकेची झोड उठली. पण प्रश्न त्याच्या हिमतीचा नव्हता, पाण्याच्या खोलीचा होता.

मग ब्रिटिश नौदलाने गनबोटी बांधायला घेतल्या. थोड्याथोडक्या नाहीत, पाच वेगवेगळ्या नमुन्यांच्या मिळून १५६. त्यातला सगळ्यात मोठा गट अल्बाकोर वर्गाचा, ९८ बोटींचा. ही बोट कशी होती ते नीट समजून घेऊ, म्हणजे बाकीच्याही समजतील.

लांबी १०६ फूट, रुंदी २२ फूट. तळ पाण्यात साधारण साडेसहा फूट. आणखी उथळ पाण्यासाठी बांधलेले जे नमुने होते त्यांना चारेक फूट पाणी पुरायचं. माणसं छत्तीस ते चाळीस. इंजिन नाममात्र ६० अश्वशक्तीचं, वेग साडेसात नॉट, म्हणजे ताशी सुमारे चौदा किलोमीटर. आपण सायकलवर आरामात जातो तेवढा.

आणि तोफ? मुख्य तोफ ६८ पौंडी. म्हणजे तिचा भरीव गोळा ६८ पौंडांचा, सुमारे ३१ किलो. तोफेचं स्वतःचं वजन जवळजवळ पावणेपाच टन. एवढ्या छोट्या बोटीच्या टोकावर एवढं वजन कायम ठेवलं तर भर समुद्रात ती नाक खुपसेल. म्हणून लांबच्या प्रवासात तोफा डेकच्या मध्यभागी आणून बांधायच्या आणि लढाईच्या वेळी जागेवर न्यायच्या. तोफ फिरत्या बैठकीवर असल्याने डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना वळवता यायची. मोठ्या जहाजाला एका बाजूच्या तोफा वापरताना दुसऱ्या बाजूच्या रिकाम्या ठेवाव्या लागायच्या. इथे एकच तोफ, पण ती दोन्हीकडे उपयोगी.

इंजिन मुद्दाम साधं ठेवलेलं होतं. मोठ्या जहाजात वापरलेली वाफ थंड करून तिचं पुन्हा पाणी करणारी यंत्रणा असायची. इथे ती जागा आणि ते वजन वाचवलं. वापरलेली वाफ सरळ धुराड्यातून बाहेर सोडायची, रेल्वेच्या इंजिनासारखी. त्यामुळे या बोटी फुसफुस आवाज करत चालायच्या आणि लपूनछपून जाणं त्यांना जमत नसे. बॉयलरला पाणी समुद्राचंच. पाणी आटलं की मीठ मागे उरतं, म्हणून मधूनमधून खारट झालेलं पाणी बाहेर सोडून नवं भरावं लागे. हे विसरलं तर मिठाचा थर बसून बॉयलर धोक्यात. कोळशाची जागाही थोडकीच, म्हणून तीन डोलकाठ्या आणि शिडं होतीच. दूरचा प्रवास शक्यतो वाऱ्यावर, लढाई वाफेवर.

चाळीस माणसं, मध्ये धगधगतं बॉयलर, कोळशाची पूड, दारूगोळा आणि डोक्यावर फळ्या. किनाऱ्यावरच्या तोफांचा गोळा अडवेल असं चिलखत कुठेही नाही. त्यांचं संरक्षण एकच : बोट लहान आहे, हलती आहे, नेम धरायला अवघड आहे.

बोट हलती राहिली तर

९ ते ११ ऑगस्ट १८५५. आजच्या हेलसिंकीसमोरच्या बेटांवरचा स्वेआबोर्ग किल्ला. ब्रिटिश आणि फ्रेंचांनी उखळी तोफांच्या बोटी दूरवर नांगर टाकून ओळीने उभ्या केल्या आणि गनबोटींना त्यांच्या पुढे हलतं ठेवलं. गनबोट गोलाकार फिरत राहायची, टप्प्यात आली की तोफ डागायची, पुन्हा वळायची. किल्ल्यावरच्या गोलंदाजाने अंतर मोजून नेम बसवेपर्यंत ती दुसरीकडे. दोन दिवसांहून थोडा कमी काळ मारा चालला. किल्ल्यातली कोठारं आणि इमारती जळाल्या, हल्लेखोरांचं एकही जहाज गेलं नाही.

किल्ला मात्र पडला नाही. तो घ्यायला पायदळ उतरवावं लागलं असतं आणि ते तिथे नव्हतं. तोफेने जागा भाजून काढता येते, ताब्यात ठेवता येत नाही. पायदळातला म्हणून हे मला सांगायलाच हवं.

त्याहून महत्त्वाचं काम झालं अझोव्हच्या समुद्रात. काळ्या समुद्राच्या ईशान्येला असलेला हा समुद्र जगातल्या सगळ्यात उथळ समुद्रांपैकी एक. सेव्हास्तोपोलमध्ये वेढ्यात लढणाऱ्या रशियन सैन्याचं धान्य मोठ्या प्रमाणावर याच भागातून यायचं. मे १८५५ च्या शेवटी दोस्त सैन्याने केर्चची सामुद्रधुनी घेतली आणि लहान वाफेच्या बोटींचा ताफा आत घुसला. पुढचे काही महिने या बोटींनी बंदरं, गोदामं, धान्य भरलेली गलबतं जाळली. टागानरोगसमोर पाणी इतकं उथळ की मोठ्या बोटी दूरच थांबायच्या आणि त्याहून लहान होड्या पुढे जायच्या. उथळ तळाची बोटही रुततेच. जॅस्पर ही गनबोट जुलै महिन्यात गाळात अडकली आणि सोडून द्यावी लागली.

सैन्याच्या दृष्टीने हे चोख काम होतं. रसद तोडली की वेढ्यातला सैनिक अर्धा हरलेला असतो. पण जळालं ते फक्त फौजेचं धान्य नव्हतं. त्यात किनाऱ्यावरच्या व्यापाऱ्यांचा आणि शेतकऱ्यांचा माल होता, कोळ्यांच्या होड्या आणि जाळी होती. बाल्टिकमध्येही असंच झालं होतं. उथळ पाण्यात शिरू शकणारी बोट सामान्य माणसाच्या दारापर्यंतही पोचते, हेही लक्षात ठेवलं पाहिजे.

घाईचं लाकूड

आता या बोटी एवढ्या झटपट बांधल्या कशा? इंजिनांचा भाग खरोखर कौतुकाचा आहे. जॉन पेन हा लंडनजवळचा कारखानदार. त्याने सगळी इंजिनं आपल्या एकट्याच्या कारखान्यात बनवायचा हट्ट धरला नाही. नमुन्याचे भाग ठरवले आणि ते वेगवेगळ्या चांगल्या कारखान्यांना वाटून दिले. जोसेफ व्हिटवर्थने स्क्रूचे आटे एका मापाचे केले होते, म्हणून एका कारखान्याचा बोल्ट दुसऱ्या कारखान्याच्या नटात बसू लागला. नव्वद दिवसांत इंजिनांचे नव्वद संच, असं त्या कामाचं वर्णन केलं जातं. एकाच मापाचे सुटे भाग आणि कामाची वाटणी, म्हणजे आजच्या उत्पादनाचा पाया.

लाकडाला मात्र घाई चालत नाही. ओकचं लाकूड तोडल्यावर जहाजाला वापरण्याआधी वर्षानुवर्षं वाळवावं लागतं. युद्धाच्या घाईत अनेक ठिकाणी ओलं, कच्चं लाकूड वापरलं गेलं. वरून रंग लावला, आत दमटपणा कोंडला, आणि बुरशीने आतून पोखरायला सुरुवात केली. त्याहून वाईट म्हणजे काही बोटी दुरुस्तीला उघडल्या तेव्हा फळ्या धरून ठेवणारे तांब्याचे लांब खिळे खोटे निघाले. बाहेरून डोकं दिसायचं, आत खिळा तोकडा. खलाशांनी त्याला सैतानी खिळा म्हणावं यात नवल नाही. कंत्राटदाराने तांबं वाचवलं. समुद्रात ती फळी सुटली असती तर किंमत चाळीस माणसांनी मोजली असती.

युद्ध मार्च १८५६ मध्ये संपलं. २३ एप्रिलला पोर्ट्समथजवळ स्पिटहेडला राणीसमोर आरमाराची भव्य पाहणी झाली. त्यात गनबोटींच्या लांबच लांब रांगा होत्या, ज्या युद्धासाठी त्या बांधल्या ते संपलेलं असताना. उरलेल्या बोटी सडू नयेत म्हणून जवळच हॅस्लर इथे खास आवार उभारलं. बोटी पाण्यातून ओढून रुळांवरून छपराखाली कोरड्या ठेवायच्या. तरीही पुढच्या दहा-पंधरा वर्षांत त्यातल्या बऱ्याचशा मोडीत निघाल्या.

तुलनेसाठी आपल्याकडचं उदाहरण देतो. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातले पारशी कारागीर मलबारच्या सागवानाची जहाजं बांधायचे. १८१७ साली त्यांनी बांधलेली त्रिंकोमाली ही शिडाची युद्धनौका आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल इथे पाण्यावर तरंगते आहे. १८२९ साली याच गोदीतून ह्यू लिंडसे ही वाफेवरची बोट उतरली आणि १८३० मध्ये मुंबईहून सुवेझला गेली. ओकमधल्या आम्लाने लोखंडी खिळा गंजतो, सागाच्या तेलकटपणामुळे तो टिकतो. फरक लाकडाच्या जातीचा आहेच. पण वाळवायला दिलेल्या वेळाचा आणि कारागिराच्या प्रामाणिकपणाचाही आहे.

टाकू : तीच जागा, तीच बोट

युद्ध संपल्यावर यातल्या कितीतरी बोटी आफ्रिकेला वळसा घालून चीनला गेल्या. पेइहो नदीच्या मुखाशी टाकूचे किल्ले. त्यामागे तिएनत्सिन आणि पेकिंग. मुखाशी चिखलाचा प्रचंड उथळ पट्टा, मोठी जहाजं मैलोगणती दूर थांबणार. जणू ही जागा गनबोटीसाठीच केलेली.

२० मे १८५८. ब्रिटिश आणि फ्रेंच गनबोटी भरतीबरोबर आत घुसल्या, नदीवरचा अडथळा तोडला, किल्ले हाती आले. नुकसान थोडं.

२५ जून १८५९. पुन्हा तीच जागा, त्याच जातीच्या बोटी. कमांडर नवा, ॲडमिरल जेम्स होप. पण वर्षभरात चिनी सेनापती सेंग्गे रिन्चेन याने किल्ले नव्याने बांधून काढले होते. नदीत एकामागोमाग तीन अडथळे : लोखंडी खुंट, साखळदंडांनी जखडलेले ओंडके, आणि त्यामागे जाड तराफे. तोफांची तोंडं चटयांनी झाकलेली, त्यामुळे दुरून किल्ला निपचित वाटायचा. आणि या तोफांचे नेम आधीच अडथळ्यांवर बांधून ठेवलेले.

आता गनबोटीचं एकमेव संरक्षण आठवा. ती हलती आहे. अडथळ्यापाशी तिला थांबावंच लागणार होतं. दुपारी बोटी पहिला अडथळा ओलांडून दुसऱ्याशी झटू लागल्या, तेव्हा चटया वर गेल्या आणि तोफा सुरू झाल्या. होपची निशाणबोट प्लोव्हर सगळ्यात पुढे. तिचा कमांडर ठार झाला, होप स्वतः गंभीर जखमी झाला, चाळीसेक माणसांतले बहुतेक जण पडले. प्लोव्हर, ली आणि कॉर्मोरंट या तीन बोटी गमावल्या. यातल्या कॉर्मोरंटने आदल्याच वर्षी इथे अडथळा फोडण्यात पुढाकार घेतला होता.

एवढं होऊनही संध्याकाळी ओहोटीत माणसं उतरवली. समोर शेकडो यार्ड गुडघाभर, कुठे कंबरभर चिखल, त्यात खंदक. दारू भिजली, बंदुका चिखलाने भरल्या. ज्यांनी भाताच्या चिखलात चार पावलं टाकली आहेत त्यांनी कल्पना करावी, पाठीवर शस्त्रं, समोर तोफा आणि उचललेलं पाऊल बाहेर निघत नाही. थोडेच भिंतीजवळ पोचले आणि तिथेच अडकले. एका दिवसात ब्रिटिशांचे चारशेहून अधिक ठार आणि जखमी.

तिसरी वेळ ऑगस्ट १८६०. या वेळी समोरून जायचं नाही, असं ठरलं. फौज उत्तरेला पेइतांगला उतरवली. त्या फौजेत भारतातून गेलेल्या शीख आणि पंजाबी पलटणी होत्या, प्रोबिन्स हॉर्स आणि फेन्स हॉर्स हे घोडदळ होतं. जमिनीवरून वळसा घालून २१ ऑगस्टला उत्तरेकडचा किल्ला घेतला, तेव्हा बाकीचेही पडले. गनबोटी या वेळीही होत्या, पण मदतीला.

१८५८ आणि १८५९ मध्ये बोट बदलली नव्हती, पाणी बदललं नव्हतं. शत्रू शिकला होता. हल्लेखोरांनी मात्र मागच्या वर्षीचा सोपा विजय स्वतःच्या शस्त्राच्या खात्यावर जमा केला. खरं तर त्यातला मोठा भाग समोरच्याच्या अपुऱ्या तयारीचा होता. लष्करात प्रत्येक यशस्वी मोहिमेनंतर हा हिशेब मांडावा लागतो : आपण जिंकलो त्यात आपलं किती आणि शत्रूच्या चुकीचं किती? हरल्यावर चौकशी आपोआप होते. जिंकल्यावर ती करायला शिस्त लागते.

पुढे काय झालं?

लाकडी बोटीचा शेवट कुठून येणार हे टाकूच्या आधीच दिसलं होतं. १७ ऑक्टोबर १८५५ रोजी काळ्या समुद्रावरच्या किन्बर्नच्या किल्ल्यासमोर फ्रेंचांनी लोखंडी पत्रे चढवलेल्या तीन तरंगत्या बॅटऱ्या उभ्या केल्या. गोळे आदळत राहिले आणि त्या जागच्या हलल्या नाहीत. तरीही लाकडी गनबोट लगेच गेली नाही, कारण ती स्वस्त होती आणि चटकन व्हायची. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, तेव्हा तिथल्या नौदलाने दक्षिणेच्या किनाऱ्याची नाकेबंदी करायला युनाडिला वर्गाच्या २३ लाकडी गनबोटी घाईने बांधून घेतल्या. त्यांना नव्वद दिवसांच्या गनबोटीच म्हणत. त्यातल्या चार नोव्हेंबरमध्ये पोर्ट रॉयलच्या लढाईत उतरल्यादेखील. पुढे लोखंडी सांगाड्यावर लाकडी फळ्या आल्या, मग पूर्ण लोखंड, मग पोलाद.

आज या बोटींकडे मागे वळून पाहताना तीन गोष्टी माझ्या मनात राहतात. पहिली, आधी पाणी पाहा आणि मग बोट बांधा. नेपियरच्या मोठ्या आरमाराला जे जमलं नाही ते अझोव्हमध्ये लहान बोटींनी केलं. दुसरी, घाईत इंजिन झटपट होऊ शकतं, कारण तिथे माप आणि पद्धत होती. कच्चं लाकूड आणि तोकडा खिळा मात्र पुढे कधीतरी बोटीतल्या माणसालाच भोवतो. संरक्षण खरेदीच्या कागदावर सही करणाऱ्या प्रत्येकाने तो सैतानी खिळा एकदा हातात धरून पाहावा असं मला वाटतं. आणि तिसरी, टाकूची. लहान आणि चपळ असण्याचा फायदा थांबावं लागत नाही तोवरच असतो. शत्रूने आपल्याला थांबवायची जागा निवडली की तोच हलकेपणा जीवघेणा ठरतो.

ड्रोन आणि छोट्या वेगवान बोटींच्या बातम्या आपण रोज ऐकतो. स्वस्त, लहान, संख्येने भरपूर. त्या ऐकताना १८५८ आणि १८५९ ही दोन्ही वर्षं शेजारीशेजारी ठेवून पाहा, आणि तुम्हाला काय वाटतं ते मला जरूर कळवा.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.